पहिलं रेकॉर्ड: ड्रम घरी घ्यावेत की स्टुडिओत? (फोंडा, गोवा)

काजूबी

नमस्कार मंडळी. चौघांचा रॉक बँड आहे: दोन गिटार, बेस, ड्रम, गाणारा गिटारही वाजवतो. पाच मराठी गाणी बसली आहेत, सगळी मिळून २२ मिनिटं. दोन गाण्यांत घुमट (मातीच्या भांड्यावर कातडं ताणलेलं आपलं गोव्याचं वाद्य) आहे आणि एक गाणं म्हणजे बा. भ. बोरकरांच्या कवितेला लावलेली चाल. हाताशी आठ इनपुटचा इंटरफेस (माइक-गिटार लॅपटॉपला जोडणारी पेटी), दोन एसएम५७ माइक, एक कंडेन्सर माइक आणि लॅपटॉप. जागा म्हणजे फोंड्याजवळच्या जुन्या घराचा हॉल: १४ बाय १८ फूट, चिऱ्याच्या भिंती, खाली लाद्या, वर मंगळुरी कौलं. जूनमध्ये सगळं घरीच रेकॉर्ड करून चवथीला (गणेश चतुर्थीला) प्रकाशित करायचा बेत आहे. ड्रम घरी घेता येतील का? घुमटाला माइक कसे लावायचे? गाणी बाहेर पडण्याआधी कागदोपत्री काय करावं लागतं? जमलं तर थोड्या एलपीही (ग्रामोफोनच्या तबकड्या) काढायच्या आहेत.

चिरेबंदी

बेतातला जून आधी खोडा. कौलांवर सर कोसळली की ती प्रत्येक माइकमध्ये उतरते, आणि सर थांबली की बेडूक सुरू होतात. भिंतीला काहीही लावलंत तरी हे थांबत नाही. आवाज शोषणं वेगळं आणि आवाज अडवणं वेगळं. अडवायला छपराला वजन लागतं, कौलांना ते नाही. ड्रम, घुमट आणि गायन पावसाआधी उरका. बेस आणि गिटार थेट इंटरफेसमध्ये लावून पावसातही होतील, तिथे माइकच नसतो.

ड्रम स्टुडिओत घ्या, बाकी सगळं घरी. पैसे एकाच दिवसापुरते असतील तर तो दिवस ड्रमचा. गिटारची चुकलेली ओळ उद्या पुन्हा वाजवता येते, पण ड्रमच्या आवाजात खोली मुरते आणि ती नंतर कशानेही निघत नाही. तुमच्या हॉलच्या मधोमध उभं राहून एक जोरदार टाळी वाजवा. समोरासमोरच्या भिंतींमधून टर्रर्र असा पडसाद आला, तर तोच प्रत्येक सिंबलवर चढणार.

पाच गाण्यांचे ड्रम एका दिवसात होतात, पण तयारी आधी लागते. सरावाचं फोनवर रेकॉर्डिंग करून प्रत्येक गाण्याचा खरा वेग मोजा. धृपद मिनिटाला दोन-तीन ठोक्यांनी वेगात जात असेल तर क्लिकही (हेडफोनमधला टिकटिक ठेका) तिथे तेवढीच वाढवा. एकाच आकड्यावर सगळं गाणं खिळवलंत तर धृपद बसकं वाटतं. त्या क्लिकवर एक गिटार आणि कच्चं गायन असा गाइड ट्रॅक करा आणि ड्रमरला निदान तीन आठवडे त्यावर हेडफोन लावून वाजवू द्या. रेकॉर्डिंगच्या दिवशी मांडणी आणि माइकना तीन तास, मग दर गाण्याला ४५ मिनिटं धरा. सगळ्यात दमवणारं गाणं दुसरं घ्या. शेवटी ठेवलंत तर हात गळून जातात आणि स्नेअरचा आवाज टेकागणिक (दर खेपेच्या रेकॉर्डिंगगणिक) बारीक होत जातो. दर गाण्याचे तीन पूर्ण टेक मिळाले की पुढे चला.

गायनासाठी हॉल चालेल. २ बाय ४ फुटांच्या लाकडी चौकटी करा, आत घनमीटरला ४८ किलो घनतेची रॉकवूल चार इंच जाड भरा, वरून सुती कापड ताणा. भरताना मास्क आणि हातमोजे घाला. अशा सहा चौकटी पुरतात. त्यातल्या दोन गाणाऱ्याच्या पाठीमागे हव्यात, माइकच्या मागे नव्हे, कारण माइकचं तोंड गाणाऱ्याच्या बाजूला असतं. उरलेल्या बाजूंना आणि कोपऱ्यांत, भिंतीपासून चार इंच सोडून. अंड्यांचे ट्रे लावू नका. उंच पट्टीचा आवाज थोडासा सोडला तर ते काही शोषत नाहीत आणि चटकन पेट घेतात.

मराठी गाताना प, फ, ब, भ यांचा झोत माइकवर आदळतो. जाळी लावा, तोंड जाळीपासून चार बोटं आणि माइक त्यामागे आणखी चार बोटं, किंचित तिरका. पंखा, एसी, फ्रिज बंद. आणि शब्दांचा शेवट गिळू देऊ नका. जोरदार गिटारखाली मराठी गाण्यात ‘आहे’, ‘नाही’मधला ह सगळ्यात आधी हरवतो.

स्नेअरखालचा_माइक

वरचं सगळं बरोबर, पण स्टुडिओ घेतला म्हणजे ड्रम आपोआप चांगले वाजत नाहीत. वरची कातडी आदल्या दिवशी बदला, त्याच सकाळी नको. नवी कातडी पहिले काही तास सैल पडत राहते. चाव्या समोरासमोरच्या जोडीने आवळा, गोल फिरत नव्हे, आणि प्रत्येक चावीपाशी हलकी टिचकी मारून सूर सारखा आहे का ते ऐका. पेडलची कुरकुर आणि स्टूलची करकर तेल घालून आधीच घालवा, ती शांत जागी स्पष्ट ऐकू येते.

आठ इनपुट असे वाटा: किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम), स्नेअर वर, स्नेअर खाली, टॉम, फ्लोअर टॉम, ओव्हरहेड (ड्रमच्या वर लावलेले) दोन, खोलीचा एक. दोन्ही ओव्हरहेड स्नेअरच्या मधल्या बिंदूपासून सारख्याच अंतरावर हवेत. डोळ्याने मोजू नका, सुतळी घ्या. आवाजाला ३४ सेंटिमीटर जायला साधारण एक मिलिसेकंद लागतो; एक माइक अर्धा हात लांब राहिला की स्नेअर एका बाजूला सरकतो आणि मोनोत (डावी-उजवी एकत्र करून) ऐकताना पोकळ होतो. स्नेअरच्या खालच्या माइकची पोलॅरिटी (सिग्नलची अधिक-उणे दिशा) उलटी करा, कारण वरची कातडी आत जाते तेव्हा खालची बाहेर येते. मग किक आणि ओव्हरहेड एकत्र, मोनोत ऐका. पोलॅरिटीचं बटण दाबून पाहा, ज्या स्थितीत किक भरदार वाटते ती ठेवा. ‘ड्रम कागदासारखे पातळ वाटतात’ ही मिक्सिंगमधली तक्रार बहुतेक वेळा इथेच, या पाच मिनिटांत, जन्माला येते.

२४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. सगळ्यात जोराचा ठोका उणे १० डेसिबलच्या आसपास राहू द्या. ड्रमर सराव-चाचणीत जेवढं वाजवतो त्यापेक्षा टेकमध्ये जोरात वाजवतो, ती जागा राखून ठेवा. आठ ट्रॅकवर पाच मिनिटांचा एक टेक साधारण ३५० एमबी होतो. त्याच रात्री दोन वेगळ्या डिस्कवर प्रत करा.

गिटारला नव्या तारा आदल्या दिवशी, इंटोनेशन (गळ्यावर वरपर्यंत सूर बरोबर लागतो का) तपासून, आणि प्रत्येक टेकआधी सूर लावून. एकच गिटार दोनदा वाजवून डावी-उजवीकडे ठेवणार असाल तर डिस्टॉर्शन स्टेजवर ठेवता त्यापेक्षा बरंच कमी करा. दोन थर एकत्र आले की चिखल होतो. अँपवर एसएम५७ लावलात तरी त्याच वेळी गिटारचा थेट सिग्नल वेगळ्या ट्रॅकवर घ्या. नंतर अँपचा आवाज पटला नाही तर तोच वादनाचा टेक पुन्हा अँपमधून काढता येतो.

पेडण्याचा_घुमट

घुमटाला दोन तोंडं, म्हणून माइकही दोन. एक एसएम५७ कातड्यापासून सहा-आठ इंचांवर, मध्यावर नव्हे तर काठाकडे वळवून. दुसरा मागच्या उघड्या तोंडापाशी. वादक तिथे पंजा झाकतो-उघडतो, त्यातूनच तो घुमारा येतो. माइक हाताच्या वाटेत नको, एका बाजूने तिरका. मागच्या माइकची पोलॅरिटी उलटी करून ऐका, बहुधा तीच बरोबर निघते.

पूर्वी घुमटावर घोरपडीचं कातडं असे. घोरपड १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे, तेव्हा बकरीच्या कातड्याचंच घुमट घ्या आणि व्हिडिओतही तेच दिसू द्या. दमट हवेत कातडं सैल पडून सूर उतरतो. दर दोन टेकनंतर उन्हात किंवा पिवळ्या बल्बच्या उबेत धरा, आगीजवळ नको, तडकतं. दोन घुमटं असतील तर एक तापत ठेवा, एक वाजवा. किक आणि घुमट एकाच ठोक्यावर आले तर दोन्ही खालच्या पट्टीत एकमेकांना खातात. त्या जागी किक गाळून बघा, मिक्समध्ये भांडण्यापेक्षा बरं.

आणि चवथीच्या आधीचे दिवस वादक आरत्यांच्या सरावात असतात. मेमध्येच तारीख ठरवा.

काजूबी

आभार. ड्रम आणि घुमट मेमध्येच करू. एक राहिलं: हॉलमध्ये गिटार लावली की सतत घूं असा आवाज येतो. चार्जरची तिसरी पिन काढली तर जाईल असं एकाने सांगितलं.

चिरेबंदी

तिसरी पिन कधीही काढू नका. अँपमध्ये बिघाड झाला तर तो प्रवाह गिटारच्या तारांमधून हातात आणि ओठ टेकलेल्या माइकमधून अंगात जातो. आधी लॅपटॉप चार्जर काढून बॅटरीवर चालवा. आवाज गेला तर कारण सापडलं. मग अँप, इंटरफेस आणि लॅपटॉप एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या. तरीही राहिला तर डीआय बॉक्सवरचं (गिटार आणि इंटरफेसमधल्या जोडपेटीवरचं) ग्राउंड लिफ्टचं बटण वापरा, ते फक्त सिग्नलच्या तारेचं अर्थिंग तोडतं, विजेचं नाही. गिटार हातात धरून जागीच फिरल्यावर आवाज कमी-जास्त होत असेल तर तो सिंगल कॉइल पिकअपचा आहे, जागा बदलून वाजवा. जुन्या घरात अर्थिंग मुळातच आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. विजेच्या लपंडावासाठी यूपीएस हवाच.

हिशेब_आधी

मिक्स दुसऱ्याकडे द्यायचा असेल तर सगळे ट्रॅक शून्य सेकंदापासून सुरू होणारे, ४८ किलोहर्ट्झ २४ बिट वेव्ह, नावं स्पष्ट. मास्टरवर लिमिटर (आवाजाची शिखरं दाबणारं साधन) नको. मास्टरिंगमध्ये (मिक्सनंतरच्या शेवटच्या टप्प्यात) ट्रू पीक, म्हणजे आवाजाचं खरं शिखर, उणे १ डेसिबल ठेवायला सांगा. स्पॉटिफाय उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) वरची गाणी आपणहून खाली आणतं, म्हणून केवळ मोठ्या आवाजासाठी ड्रमचे ठोके चेपण्यात काही हाती लागत नाही.

आता बोरकरांची कविता. ही गोष्ट सगळ्यात आधी करा. कवी १९८४ मध्ये गेले. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, म्हणजे २०४४ अखेरपर्यंत. लेखी परवानगीशिवाय ते गाणं रेकॉर्डमध्ये घेऊ नका. हक्क वारसांकडे आहेत की प्रकाशकाकडे, ते विचारा आणि पत्रात ऑनलाइन प्रसारण, एलपी, व्हिडिओ, मोबदला हे सगळं वेगवेगळं लिहून घ्या. एखादं कडवं गाळलं असेल किंवा ओळ पुन्हा पुन्हा घेतली असेल तर तेही कळवा. परवानगी वेळेत आली नाही तर चार गाण्यांनी निघा.

तुमच्या स्वतःच्या गाण्यांचे शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण हे तीन वेगळे हक्क. कोणाचा किती वाटा, हे एका पानावर लिहून चौघांनी सह्या करा, घुमटवादकाचं मानधन आणि श्रेयही त्यातच. गीतकार-संगीतकारांनी आयपीआरएसचं (त्यांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) सभासद व्हावं. ती रॉयल्टी वितरकाकडून येणाऱ्या स्ट्रीमिंगच्या पैशांहून वेगळी येते. प्रत्येक गाण्याला बारा अक्षरांचा आयएसआरसी क्रमांक (ध्वनिमुद्रणाची ओळख) लागतो, गाणी ऑनलाइन पोहोचवणारा वितरक तो देतो. एखादं गाणं आधी सुटं काढलंत तर अल्बममध्ये तोच क्रमांक पुन्हा घाला, नवा घेतलात तर ऐकल्याची मोजणी तुटते. मुखपृष्ठ चौरस, ३००० बाय ३००० पिक्सेल. बँडचं नाव सगळीकडे एकाच स्पेलिंगने, आणि तेच नाव दुसऱ्या कोणाचं नाही ना, हे आधी शोधून बघा.

चवथीला काढू नका. घरोघरी पाहुणे, आरत्या, माटोळी (गणपतीवरची फळाफुलांची सजावट). नवं गाणं निवांत ऐकायला कोणाला सवड नसते. दिवाळीनंतरचा शुक्रवार धरा. वितरकाकडे चार आठवडे आधी चढवा. स्पॉटिफायच्या संपादकांना गाणं सुचवायचं तर प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी लागतं, आणि एका वेळी एकच. पहिला कार्यक्रम फोंड्याच्या राजीव गांधी कला मंदिरात किंवा साखळीच्या रवींद्र भवनात बंद सभागृहात ठेवलात तर आवाजही ताब्यात राहतो. उघड्यावर लाउडस्पीकरला लेखी परवानगी आणि रात्री १० ची मर्यादा आहे.

स्नेअरखालचा_माइक

एलपीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. २२ मिनिटं म्हणजे बाजूला ११, तेव्हा बारा इंची तबकडी ४५ आरपीएमवर कापता येते, ३३ पेक्षा आवाज मोकळा मिळतो. तिच्यासाठी वेगळा मास्टर लागतो: लिमिटर कमी, खालचा बेस मधोमध, आणि स-श चे टोकदार आवाज आधीच मऊ केलेले. बाजूच्या शेवटी खोबणीचा वेग कमी पडतो, म्हणून सगळ्यात जोरकस गाणं तिथे ठेवू नका, शांत गाणं ठेवा. चाचणी-तबकडी आली की दोन वेगवेगळ्या टर्नटेबलवर पूर्ण ऐकूनच होकार द्या. माल ऑक्टोबरनंतर हातात येईल असं बघा. पावसाळ्यात कागदी वेष्टनांना बुरशी धरते. खोकी भिंतीपासून दूर, तबकड्या उभ्या.