साध्या झेरॉक्स कागदावर घरी बनवलेली इंकजेट शाई फुटते, नोझलही बंद पडतात. कृतीत काय चुकतंय?

दौत_टाक

पायझो हेडच्या (न तापवता दाबाच्या धक्क्याने थेंब ढकलणाऱ्या) टँक प्रिंटरसाठी काळी डाय शाई (पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची) बनवतोय. कागद साधा ७५ जीएसएमचा कॉपियर. १०० मिलीची सध्याची कृती अशी:

फूड ब्लॅक २ पावडर ५ ग्रॅम, ग्लिसरीन २० मिली, आयसोप्रोपिल अल्कोहोल ५ मिली, भांडी घासायचं लिक्विड ४-५ थेंब, उरलेलं घरच्या आरओचं पाणी (टीडीएस ६०). कॉफीच्या फिल्टर पेपरमधून दोनदा गाळली.

अडचणी: अक्षरांच्या कडांना केस फुटतात, मजकूर मागून दिसतो, अक्षरांभोवती बारीक ठिपके पडतात. दोन दिवस प्रिंटर बंद राहिला की वरचे काही नोझल जातात. महिन्याभरात बाटलीत तंतू तरंगताना दिसतात. बुरशीसाठी थोडं डेटॉल टाकलं तर चालेल का? आणि हीच कृती डाय बदलून रंगीत शायांना वापरता येईल का?

रंगद्रव्य

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकीचं उत्तर त्यातच आहे. नाही, काळी आणि रंगीत शाई एका कृतीत बसत नाही. साध्या कागदाला कोटिंग नसतं. तो म्हणजे सेल्युलोजचे तंतू, त्यात कॅल्शियम कार्बोनेटची भर आणि वर थोडं सायझिंग (पाणी चटकन मुरू नये म्हणून लावलेलं द्रव्य). शाईचा पृष्ठताण कमी असेल तर ती सायझिंगला न जुमानता तंतूंच्या कडेकडेने धावते. त्यालाच आपण शाई फुटणं म्हणतो. काळ्या मजकुराला कडा हवी, म्हणून तिचा पृष्ठताण ४० ते ४८ मिलिन्यूटन प्रति मीटर ठेवायचा आणि शाई कागदावर क्षणभर बसू द्यायची. रंगीत शाया शेजारी शेजारी पडतात. त्या पटकन आत शिरल्या नाहीत तर पिवळ्यात निळा मिसळतो, म्हणून तिथे ३० ते ३५ हवा. तिथे कडेची तीक्ष्णता थोडी सोडून द्यावी लागते.

तुमच्या शाईत भांड्याच्या लिक्विडने हा ताण खूप खाली आणला आहे. शिवाय त्या लिक्विडला घट्टपणा यावा म्हणून बहुतेकदा मीठ घातलेलं असतं, वर वास आणि रंग. हे सगळं हेडमध्ये जातं. ५ टक्के अल्कोहोल एकट्यानेच पाण्याचा ताण ७२ वरून ५० च्या आसपास आणतं, आणि नोझलच्या तोंडाशी तेच आधी उडून जातं. म्हणजे बाटलीतली शाई वेगळी आणि नोझलमधली वेगळी.

नोझल का जातात ते नीट समजून घ्या. पावडर स्वरूपातल्या डायमध्ये साधं मीठ किंवा सोडियम सल्फेट बरंच असतं. कारखान्यात डाय द्रावणातून मीठ टाकूनच खाली बसवतात. नोझलच्या तोंडाशी पाणी उडालं की तीच क्रिया लहान प्रमाणात घडते: मिठाचं प्रमाण वाढतं आणि डाय घन होऊन बसतो. आरओच्या पाण्यातलं कॅल्शियम त्यात भर घालतं. म्हणून डाय 'इंकजेट ग्रेड, डिसॉल्टेड' असाच मागा, शक्यतो द्रवरूपात. पाणी डिस्टिल्ड किंवा डीआयोनाइज्ड, मीटरवर टीडीएस ० ते २.

डेटॉल अजिबात नको. त्यात पाइन ऑइल आणि साबण असतो, पाण्यात पडताच दुधासारखं होतं ते त्यामुळेच. बुरशीसाठी बेंझआयसोथायझोलिनोन (बीआयटी) २० टक्के द्रावण घ्या. त्याने त्वचेला ॲलर्जी होऊ शकते, हातमोजे घाला.

पायझोसाठी काळी, १०० ग्रॅम, सगळं वजनाने:

डाय (कोरड्या हिशेबाने) ४ ग्रॅम
ग्लिसरीन १४
ट्रायइथिलीन ग्लायकॉल १०
पीईजी ४०० (पॉलिइथिलीन ग्लायकॉल) ६
सर्फिनॉल ४६५ (पृष्ठताण कमी करणारं) ०.०५
ट्रायइथॅनॉलअमाइन (पीएच वाढवायला) ०.३
डायसोडियम ईडीटीए (कॅल्शियम बांधून ठेवायला) ०.०५
बीआयटी द्रावण ०.१५
पाणी ६५.४५

डाय द्रवरूपात असेल तर त्यातलं पाणी शेवटच्या आकड्यातून वजा करा.

क्रम महत्त्वाचा आहे. पाण्यात आधी ईडीटीए आणि ट्रायइथॅनॉलअमाइन विरघळवा, ४० अंशांपर्यंत कोमट करा, मग डाय थोडा थोडा टाकत तासभर ढवळा. त्यानंतर ग्लिसरीन, ग्लायकॉल आणि पीईजी. थंड झाल्यावर बीआयटी, अगदी शेवटी सर्फिनॉल, आणि ते हळू ढवळा, फेस नको. पीएच ८ ते ८.५. लगेच गाळू नका. २४ तास ठेवा, जे खाली बसायचं ते बसू द्या, मग ०.४५ आणि नंतर ०.२ मायक्रॉन सिरिंज फिल्टर. कॉफीच्या फिल्टरची छिद्रं या कामासाठी फारच मोठी. फिल्टर पीईएसचा (पॉलिइथरसल्फोन) घ्या, नायलॉनचा नको: याच जातीचे सल्फोनेटेड डाय नायलॉनचं कापड रंगवायला वापरतात, ते फिल्टरलाही धरतात आणि शाई फिकट होते.

सर्फिनॉल पूर्ण काढून टाकायचा मोह होईल, कडा आणखी छान येतात. पण मग शाई डॅम्परची (हेडच्या आधीच्या छोट्या शाईकुपीची) जाळी नीट ओली करत नाही, हवा अडकते आणि छापताना मधेच पट्टे येतात.

विहीर_विदर्भ

वरच्या कृतीशी सहमत, एक मतभेद सोडून. १४ ग्रॅम ग्लिसरीन आमच्याकडे मे महिन्यात बरोबर आहे, हवा कोरडी असते आणि नोझलला ओल लागते. पण कोकणात जुलैत तीच शाई पानावर ओशट राहते. ग्लिसरीन हवेतलं पाणी धरून ठेवतं, बोट फिरवलं की काळं होतं. पावसाळ्यात ग्लिसरीन ९ आणि ट्रायइथिलीन ग्लायकॉल १५ करा. व्हिस्कॉसिटी (दाटपणा) फार हलत नाही.

अक्षरांभोवतीचे ठिपके पातळ शाईमुळे. २० टक्के ग्लिसरीनचं द्रावण २५ अंशांना जेमतेम दीड सेंटिपॉइज असतं. डाय आणि अल्कोहोल धरून तुमची शाई २ च्या आसपास असेल. पृष्ठताण, घनता आणि नोझलचा व्यास (न्यूटन, किलो, मीटरमध्ये) यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ काढा आणि त्याला व्हिस्कॉसिटीने भागा. उत्तर साधारण १ ते १० मध्ये आलं तर थेंब नीट तुटतो. २० मायक्रॉनचं नोझल, ताण ०.०३०, घनता १०५०, व्हिस्कॉसिटी ०.००२ (म्हणजे २ सेंटिपॉइज) धरली तर साडेबारा येतं. म्हणजे मुख्य थेंबामागे शेपूट तुटून पिल्लं पडणार, तेच तुमचे ठिपके. ताण ०.०४२ आणि व्हिस्कॉसिटी ०.००३५ केली की साडेआठ.

मोजायला महागडी यंत्रं लागत नाहीत. व्हिस्कॉसिटीला ऑस्टवाल्डची काचेची नळी: शाईला लागलेला वेळ भागिले पाण्याला लागलेला वेळ, गुणिले शाईची घनता, गुणिले ०.८९ (२५ अंशांना). तापमान मात्र सांभाळा, दहा अंशांनी चित्र बदलतं. ३ च्या खाली आली तर पीईजी एक-एक ग्रॅम वाढवा, तेवढं पाणी कमी करा.

पृष्ठताणासाठी ड्रॉपर उभा बांधा आणि ५ मिलीचे थेंब मोजा. पाण्याचे १०० आणि शाईचे १७० आले, घनता १.०५ असेल, तर ७२ × १.०५ × १०० ÷ १७० = ४४. थेंब सावकाश पडू द्या, घाई केली तर आकडा खोटा येतो.

दौत_टाक

दोघांचेही आभार. दोन प्रश्न. रंगीत शाईत नेमका बदल काय करायचा? आणि ही काळी पाण्याने पुसली जाणार का?

रंगद्रव्य

रंगीतसाठी डाय ३ ग्रॅम (निळ्याला डायरेक्ट ब्लू १९९, पिवळ्याला डायरेक्ट यलो १३२), पीईजी काढून टाका, ट्रायइथिलीन ग्लायकॉल मोनोब्युटिल इथर ६ ग्रॅम घाला, सर्फिनॉल ०.७. हे इथर शाईला कागदात ओढतं. ॲसिड रेड ५२ किंवा ॲसिड ब्लू ९ चकाकीला भुलून घेऊ नका, उजेडात फार लवकर उडतात.

पुसली जाणार, होय. सल्फोनेटेड डाय पाण्यात विरघळतो म्हणूनच शाई बनते आणि म्हणूनच ती पुसते. शाळेचे दाखले, पावत्या, पत्ते छापायचे असतील तर काळी पिगमेंटचीच (पाण्यात न विरघळणाऱ्या रंगकणांची) करा. कॅब-ओ-जेट ३०० हे कार्बोक्सिल लावलेलं कार्बन ब्लॅक पाण्यात १५ टक्के घन कण या प्रमाणात येतं, २७ ग्रॅम घेतलं की ४ टक्के पिगमेंट होतं. बाकीचं मिश्रण वेगळं बनवून पीएच ८.५ करा आणि ते पिगमेंटमध्ये बारीक धारेने ओता, उलट नको. पीएच घसरला किंवा मीठ आलं की कण एकमेकांना चिकटतात. या शाईत ०.२ चा फिल्टर चालणार नाही, १ मायक्रॉन वापरा. कणांवरचं कार्बोक्सिल कागदातल्या कॅल्शियमला पकडतं, म्हणून काळा रंग वरच बसतो आणि मागून दिसणंही कमी होतं. कलरलॉक शिक्क्याच्या कागदावर फरक आणखी दिसतो, त्याच्या पृष्ठभागावर मुद्दाम क्षार लावलेले असतात. डाय शाईला त्याचा तेवढा फायदा नाही.

डायच्या टँकमध्ये पिगमेंट ओतू नका. आधी टँक, नळ्या, डॅम्पर सगळं पीएच ८.५ च्या पाणी आणि ग्लायकॉलच्या द्रावणाने पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा.

उकळबिंदू

हे वाचून कोणी थर्मल हेडमध्ये हीच शाई भरेल, म्हणून लिहितो. एचपी, कॅननच्या हेडमध्ये हीटर काही मायक्रोसेकंदांसाठी ३०० अंशांच्या वर जातो आणि वाफेचा बुडबुडा थेंब ढकलतो. तिथे पीईजी काढा, ग्लिसरीन ६ वर आणा, व्हिस्कॉसिटी दीड ते अडीच ठेवा. लोह आणि कॅल्शियमचे अंश हीटरवर करपून थर बसवतात, थेंब हळूहळू लहान होतो आणि छपाई फिकी पडत जाते. तो थर धुऊन निघत नाही.

पायझोचा शत्रू वेगळा, शाईत विरघळलेली हवा. बुडबुडा दाबाचा धक्का गिळून टाकतो. गाळल्यावर व्हॅक्यूमखाली अर्धा तास हळू ढवळा. पंप नसेल तर पाणी आधी उकळून झाकून गार करा आणि भरण्याआधी शाई एक दिवस स्थिर ठेवा.

टँकमध्ये ओतण्याआधी दोन चाचण्या करा. काचेच्या पट्टीवर दोन थेंब रात्रभर ४० अंशांना ठेवा. सकाळी पाक उरला आणि ताज्या शाईच्या थेंबात पुन्हा विरघळला तर ठीक, कण किंवा स्फटिक दिसले तर मीठ अजून आहे. दुसरी, बंद बाटली ६० अंशांना सात दिवस. नंतर व्हिस्कॉसिटी दहा टक्क्यांहून जास्त हलली किंवा पुन्हा गाळताना फिल्टर अडला, तर ती शाई हेडमध्ये घालू नका.