फ्लूची लस दरवर्षी आणि अँटीव्हायरस रोज अद्ययावत : कारण एकच आहे का?

प्रश्न (विज्ञानशिक्षिका)
नववीच्या वर्गात विषाणू शिकवताना एका विद्यार्थ्याने विचारले की, लशीमुळे देवीचा रोग जगातून नाहीसा झाला, मग फ्लूची लस दरवर्षी बदलावी का लागते, आणि संगणकातील अँटीव्हायरस सतत अद्ययावत करण्यामागेही तेच कारण आहे का? ही तुलना कोठपर्यंत खरी आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे. मुलांना सोयीचे पण चुकीचे उत्तर देण्याची माझी इच्छा नाही.

उत्तर (सूक्ष्मजीवशास्त्राचा प्राध्यापक)
फ्लूच्या विषाणूची जनुके आरएनएच्या आठ तुकड्यांत असतात आणि नक्कल करताना झालेल्या चुका दुरुस्त करण्याची सोय त्याच्याकडे नसते. त्यामुळे पृष्ठभागावरील ज्या प्रथिनांवरून आपली प्रतिपिंडे त्याला ओळखतात, तीच बदलत राहतात. म्हणून लशीत कोणते वाण घ्यावेत, हे जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा सुचवते. देवीचा विषाणू डीएनएचा, सावकाश बदलणारा आणि माणसाखेरीज अन्य प्राण्यांत न टिकणारा होता. भारतातील शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये आढळला आणि १९८० मध्ये जागतिक निर्मूलन जाहीर झाले. संगणकाच्या व्हायरसमधील बदल मात्र नकलेतील चुकांमुळे होत नाहीत. ओळख चुकवण्यासाठी ते कोणीतरी हेतुपुरस्सर घडवून आणतो. हा फरक मुलांना आवर्जून सांगावा.

उत्तर (नेटवर्क सांभाळणारा)
यात एक भर घालतो. अँटीव्हायरस आलेल्या शत्रूला ओळखतो, तर सिस्टीमचा पॅच, म्हणजे तिच्यातील त्रुटी दूर करणारी दुरुस्ती, त्याची शिरण्याची वाटच बंद करतो. १२ मे २०१७ रोजी पसरू लागलेल्या वॉनाक्राय या, फायली कुलूपबंद करून पैसे मागणाऱ्या खंडणीखोर व्हायरसला कोणी फाईल उघडण्याची गरजच नव्हती. विंडोजमधील एका त्रुटीतून तो एका संगणकावरून दुसऱ्यावर आपोआप जात होता. ती त्रुटी दूर करणारा पॅच मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिला होता, पण तो अनेक ठिकाणी बसवलेला नव्हता, आणि इंग्लंडमधील सरकारी रुग्णालयांना हजारो रुग्णांच्या भेटी रद्द कराव्या लागल्या.

उत्तर (सूक्ष्मजीवशास्त्राचा प्राध्यापक)
मग पॅचला लशीची उपमा देऊ नये. काही थोड्या माणसांच्या पेशींवर सीसीआर५ हे प्रथिन जन्मतःच नसते, आणि एचआयव्हीच्या बहुतेक प्रकारांना त्याच प्रथिनाला चिकटून आत शिरावे लागत असल्याने अशा माणसांना त्यांची लागण सहसा होत नाही. पॅच बसवलेला संगणक या माणसांसारखा असतो. लस शरीराला फक्त ओळख पटवून देते, दार काढून टाकत नाही.

प्रश्नकर्ती
सीसीआर५चे उदाहरण वर्गात नक्की देईन. लागण झाल्यावर काय करावे, हेही कृपया सांगावे.

उत्तर (नेटवर्क सांभाळणारा)
संगणक तत्काळ नेटवर्कपासून तोडावा, आणि पूर्णपणे पुसून, आधीच वेगळ्या ठेवलेल्या बॅकअपवरून पुन्हा उभा करावा. बॅकअपची डिस्क कायम जोडलेली असेल, तर खंडणीखोर व्हायरस तीही कुलूपबंद करतो.

उत्तर (सूक्ष्मजीवशास्त्राचा प्राध्यापक)
शरीराला ही सोय नाही. फ्लूवरील ओसेल्टामिव्हिर हे औषध लक्षणे दिसल्यापासून ४८ तासांत, डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू केल्यास अधिक उपयोगी पडते. प्रतिजैविके विषाणूंवर चालत नाहीत.