फोर्टिगेट ६०एफ: कन्सोलवर प्रॉम्प्ट दिसतो, पण टाइप होत नाही

पोर्ट_बावीस:
शाखेतला फोर्टिगेट ६०एफ फायरवॉल. यूएसबी-सिरियल अ‍ॅडॉप्टर, त्याला निळी कन्सोल केबल, विंडोजवर पुटी (टर्मिनल प्रोग्रॅम). स्पीड ९६००, ८ डेटा बिट, १ स्टॉप बिट, पॅरिटी नाही, फ्लो कंट्रोल (कुणी कधी पाठवायचं, कधी थांबायचं ते ठरवणारं सेटिंग) आरटीएस/सीटीएस. बॉक्स चालू होताना नुसता कचरा दिसला. स्पीड ११५२०० केल्यावर लॉगिन प्रॉम्प्ट स्वच्छ आला, पण एंटरसुद्धा पोचत नाही. केबल गेली की पोर्ट? एसएसएच (नेटवर्कवरून लॉगिन) चालू आहे.

कन्सोलकर:
बहुतेक दोन्ही ठीक आहेत. कचरा म्हणजे स्पीड जुळत नाही. मूळ सेटिंग ९६०० असतं, कुणीतरी बदललेलं दिसतंय.

टाइप न होणं हे आरटीएस/सीटीएसमुळे. तो पर्याय निवडला की पीसी समोरून सीटीएसचा ('आता पाठव') सिग्नल यायची वाट बघत बसतो. तो आला नाही तर एक अक्षरही बाहेर सोडत नाही. येणारी अक्षरं मात्र बिनदिक्कत दिसतात, म्हणून माणूस फसतो. फ्लो कंट्रोल 'नन' करा. पुटीत नवीन सेशनला आपोआप एक्सऑन/एक्सऑफ (ठरावीक अक्षरं पाठवून थांब-चालू सांगणारं फ्लो कंट्रोल) असतं, तेही नको. चुकून कंट्रोल-एस दाबलं तरी स्क्रीन गोठते.

एसएसएच आहे तर अंदाज कशाला? 'गेट सिस्टम कन्सोल' द्या, बॉडरेट (म्हणजे स्पीड) लिहिलेलाच असतो. व्हीडॉम (एकाच बॉक्समधले वेगवेगळे आभासी फायरवॉल) चालू असतील तर आधी 'कॉन्फिग ग्लोबल'. नुसत्या 'शो'वर विसंबू नका, मूळ किंमत असलेली सेटिंग त्यात दिसत नाहीत. तिथेच 'लॉगिन'ही बघा. ते 'डिसेबल' असेल तर कन्सोलवरून आत शिरताच येत नाही.

जंपर:
'नन' करूनही अडलं तर केबल तपासा. फायरवॉलकडचं टोक काढा, अ‍ॅडॉप्टरच्या ९ पिनी कनेक्टरची २ आणि ३ नंबरची पिन हेअरपिनने जोडा आणि पुटीत काहीही टाइप करा. तेच अक्षर परत उमटलं तर अ‍ॅडॉप्टर, ड्रायव्हर आणि कॉम नंबर (विंडोजने अडॉप्टरला दिलेला पोर्ट क्रमांक) तिन्ही बरोबर. नाही उमटलं तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॉम नंबर बघा. यूएसबीचं भोक बदललं की तो बदलू शकतो.

पुढची शंका केबलवर. फायरवॉलकडच्या आरजे-४५ प्लगची पिन ३ कनेक्टरच्या २ वर, ६ ही ३ वर आणि ४ ही ५ वर (ग्राउंड) यायला हवी. साधी लॅनची पॅच केबल अ‍ॅडॉप्टरमध्ये खुपसून हे होत नाही.

पोर्ट_बावीस:
'नन' केल्यावर लगेच चाललं, हेअरपिन लागली नाही. 'गेट'मध्ये ११५२०० च आहे. परत ९६०० करू का?

कन्सोलकर:
शाखेत करा. रात्री दोनला लॅपटॉप घेऊन जो जाईल तो आधी ९६०० च लावणार. एसएसएचवरूनच करा, म्हणजे मध्येच कन्सोल गेला तरी हातात काहीतरी राहील:

कॉन्फिग सिस्टम कन्सोल
सेट बॉडरेट ९६००
एंड

मग पुटीतही ९६०० करा.

प्रयोगशाळेत मात्र ११५२०० ठेवा. स्टार्ट आणि स्टॉप बिट धरून एका अक्षराला १० बिट लागतात, म्हणजे ९६०० वर सेकंदाला ९६० अक्षरं. ५०,००० अक्षरांचं डीबग आउटपुट यायला ५२ सेकंद. ११५२०० वर साडेचारच्या आत.