५० मीटर प्रोनसाठी परवडणारा स्पॉटिंग स्कोप कसा निवडावा?

पालक, कोल्हापूर

नमस्कार. माझी मुलगी बारावीत असून एअर रायफलवरून ती आता .२२ रायफलकडे, म्हणजे ५० मीटर प्रोनकडे (पालथे पडून करायच्या नेमबाजीकडे) वळली आहे. २०१० मध्ये म्युनिकला याच प्रकारात जगज्जेत्या झालेल्या तेजस्विनी सावंत आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचे (गुडघ्यावर बसून, पडून आणि उभे राहून) कांस्यपदक मिळवणारे स्वप्निल कुसाळे ही दोन्ही नावे आमच्याकडच्या मुलांच्या तोंडी सतत असतात, त्यामुळे तिच्या या निर्णयाचे घरात कोणालाच आश्चर्य वाटले नाही. १० मीटरवर टार्गेट मोटरच्या साहाय्याने जवळ येत असे आणि गोळी कुठे लागली हे लगेच कळे. ५० मीटरवर मात्र आमच्या रेंजवर कागदी टार्गेटच लावली जातात, आणि फायरिंग थांबवून पुढे जाण्याची परवानगी मिळेपर्यंत तिला आपली गोळी दिसत नाही. प्रशिक्षकांकडे एकच स्पॉटिंग स्कोप (स्टँडवर ठेवून लांबचे टार्गेट पाहायची दुर्बीण) आहे आणि तो सगळ्या मुलांत फिरतो.

स्टँडसह १५ हजार रुपयांपर्यंत खर्च करण्याची आमची तयारी आहे. दुकानांत विचारले असता ६० पट, ७५ पट असे आकडे सांगून जास्त आकड्याचा स्कोप घेण्याचा आग्रह होतो. मुलगी चष्मा वापरते. किती पट वर्धन पुरेसे आहे, पुढची काच किती मिलिमीटरची असावी, आणि सरळ घ्यावा की तिरक्या आयपीसचा (डोळा लावायच्या भागाचा), याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुना नेमबाज, पुणे

ताई, सर्वप्रथम ६० आणि ७५ हे आकडे मनातून काढून टाका, कारण ५० मीटरसाठी त्यांची गरज नाही. .२२ ची गोळी ५.६ मिलिमीटर व्यासाची असते आणि टार्गेटवरचे दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे असते. २० पट वर्धन म्हणजे ५० मीटरवरचे टार्गेट अडीच मीटरवर धरून पाहणे होय, आणि अडीच मीटरवरून पाच-साडेपाच मिलिमीटरचे छिद्र निरोगी डोळ्याला सहज दिसते. २५ पटीला तेच अंतर दोन मीटरवर येते. त्यामुळे २० ते ३० पट या टप्प्यात जो स्कोप स्वच्छ, उजळ आणि काठापर्यंत रेखीव चित्र देतो, तोच मुलीच्या कामाचा आहे. त्यापुढचे आकडे खोक्यावर छापण्यासाठी असतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

जास्त वर्धन केवळ निरुपयोगी ठरते असे नाही, ते चित्र बिघडवतेही. पुढच्या काचेचा व्यास भागिले वर्धन केले की आयपीसमधून डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. ६० मिलिमीटरच्या स्कोपला २० पटीवर ती ३ मिलिमीटर येते आणि दिवसाच्या उजेडात आपली बाहुली साधारण तेवढीच उघडलेली असल्याने चित्र उजळ दिसते. तोच स्कोप ६० पटीवर नेला की झोत १ मिलिमीटरचा उरतो, चित्र अंधारते, डोळा किंचित हलला तरी सगळे काळे होते आणि स्टँडचा प्रत्येक कंप साठपट मोठा होऊन दिसतो. स्वस्त स्कोपमध्ये हा दोष अधिकच जाणवतो, कारण काचांच्या उणिवा वर्धनाबरोबर वाढत जातात. म्हणून जाहिरातीत कमाल वर्धन न पाहता किमान वर्धन पाहावे. तुमची मुलगी स्कोप बहुतेक वेळ तिथेच ठेवणार आहे.

खरी कसोटी काळ्या भागातल्या छिद्राची असते. पांढऱ्या कागदावरचे छिद्र साधा स्कोपही दाखवतो, पण ५० मीटर रायफलच्या टार्गेटवर ११२.४ मिलिमीटरचा काळा गोल असतो आणि सराव चांगला झाला की सगळ्या गोळ्या त्यातच पडतात. काळ्यावर काळे छिद्र ओळखायचे तर वर्धनापेक्षा काळ्या-पांढऱ्यातला भेद नीट दाखवणारी काच लागते. सर्व काचांवर बहुस्तरीय कोटिंग आहे का आणि प्रिझम बीएके-४ (प्रिझमसाठीची चांगल्या प्रतीची) काचेचा आहे का, हे दोन प्रश्न विक्रेत्याला अवश्य विचारा. कोटिंग नुसते ‘आहे’ म्हणणे पुरेसे नाही, ते सर्व पृष्ठभागांवर असायला हवे. ईडी (रंग कमी फाकवणारी) काच असल्यास काळ्या-पांढऱ्याच्या सीमेवरची जांभळी झाक कमी होते, पण १५ हजारांत स्टँडही बसवायचा असल्याने तिचा हट्ट धरू नये.

दुकानात जाताना घरूनच एक चाचणी तयार करून न्या. कार्यालयातल्या साध्या पंचिंग मशीनचे छिद्र सुमारे ६ मिलिमीटरचे असते, म्हणजे .२२ च्या छिद्राच्या अगदी जवळचे. काळ्या जाड कागदाला चार-पाच छिद्रे पाडा, दोन छिद्रे एकमेकांना किंचित छेदतील अशी घ्या, मागे गडद कागद लावा आणि दुकानदाराच्या परवानगीने ५० मीटरवर उभा करून प्रत्येक स्कोपमधून तो पाहा. छेदणारी दोन छिद्रे वेगळी ओळखता आली तर तो स्कोप रेंजवर निराश करणार नाही.

दुर्बीणप्रेमी, ठाणे

वरच्या उत्तरातील बहुतेक मुद्द्यांशी मी सहमत आहे, परंतु स्कोपचे काम छिद्र दाखवण्यापुरतेच आहे असा समज होऊ नये. प्रोनमध्ये वारा वाचणे तितकेच महत्त्वाचे असते. ताशी १५ किलोमीटरचा आडवा वारा .२२ ची गोळी ५० मीटरवर दोन सेंटीमीटरहून अधिक सरकवू शकतो, आणि या टार्गेटवर एका वर्तुळापासून पुढच्या वर्तुळापर्यंतचे अंतर फक्त ८ मिलिमीटर असल्याने दहाचा आठ होण्यास तेवढे पुरते. झेंड्या वारा दाखवतात, पण दोन झेंड्यांच्या मधली हवा स्कोपमध्येच दिसते. फोकस टार्गेटच्या थोडा अलीकडे आणला की तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या हवेच्या लाटा, ज्यांना रेंजवर मिराज म्हणतात, स्पष्ट दिसू लागतात. त्या ज्या दिशेने वाहतात त्या दिशेने वारा जात असतो. लाटा बाजूला न वाहता सरळ वर उकळताना दिसल्या, तर वारा थांबला आहे किंवा तो नेमबाजाच्या समोरून अथवा पाठीमागून येत आहे असे समजावे.

यासाठी फोकसचे चाक हलके, पण ढिले नसलेले असावे, आणि पडून असताना एका बोटाने फिरवता यावे. स्वस्त स्कोपची तुलना करताना काचेइतकेच लक्ष मी या चाकाकडे देईन. चैत्र-वैशाखात दुपारी अकरानंतर सराव असेल तर जास्त वर्धनात मिराजच इतका मोठा होतो की टार्गेट पाण्याखाली असल्यासारखे दिसते. म्हणजे इथेही २०-२५ पटच कामी येतात.

चष्म्याविषयी: आयपीसपासून डोळा किती दूर ठेवूनही पूर्ण चित्र दिसते, ते अंतर चष्मा वापरणाऱ्यांना किमान १५ मिलिमीटर हवे, आणि आयपीसची रबरी कड खाली वळवता किंवा फिरवून आत घेता आली पाहिजे. झूम आयपीसमध्ये हे अंतर वर्धनानुसार बदलते, म्हणून कागदावरचा आकडा न मानता मुलीनेच स्वतःचा चष्मा लावून पाहावे. ती नेमबाजीचा वेगळा चष्मा वापरत असेल, तर तोच लावून पाहावे.

प्रशिक्षक, नाशिक

मी मुलांना शिकवतो, त्यामुळे माझा भर काचेपेक्षा स्टँडवर आहे. १५ हजारांपैकी दोन-तीन हजार रुपये स्टँडसाठी आधीच बाजूला काढा आणि उरलेल्यात स्कोप पाहा.

प्रोनमध्ये नेमबाज स्लिंगमध्ये (रायफल हाताशी आवळून धरणाऱ्या पट्ट्यात) बांधलेला असतो. डावा कोपर मॅटवर रोवलेला, खांदा आणि गाल ठरलेल्या जागी. प्रत्येक गोळीनंतर स्कोपमध्ये पाहण्यासाठी मान वळवावी लागली किंवा कोपर उचलावा लागला, तर शरीराची बैठक मोडते आणि पुढची गोळी नव्या बैठकीतून सुटते. म्हणून उजव्या हाताच्या नेमबाजासाठी स्कोप रायफलच्या डाव्या बाजूला, आयपीस डाव्या डोळ्याच्या अगदी जवळ आणि नजर फक्त किंचित सरकवून दिसेल इतक्या उंचीवर हवा. हे ४५ अंशांच्या तिरक्या आयपीसने सुलभ होते, कारण स्कोपची नळी थोडी खाली व पुढे राहते आणि आयपीस नळीवर फिरवून डोळ्याकडे वळवता येतो. मात्र नळीभोवतीची कडी सैल करून स्कोप स्वतःभोवती फिरवण्याची सोय आहे ना, याची खात्री करून घ्या. ती नसेल तर तिरक्या आयपीसचा निम्मा फायदा जातो. सरळ स्कोप स्वस्त मिळतो, पण प्रोनमध्ये त्यासाठी डोके सतत हलवावे लागते, म्हणून मी तो सुचवणार नाही.

छायाचित्रणाचा ट्रायपॉड इथे नको. त्याचे पसरलेले पाय मॅटवर येतात आणि शेजारच्या लेनमध्येही जातात, शिवाय तो पुरेसा खाली बसत नाही. नेमबाजीचा स्टँड म्हणजे जड बैठक, तिच्यात उभा दांडा आणि दांड्यावर वर-खाली सरकणारा आडवा हात. परदेशी स्टँड महाग पडतो, पण तुम्ही कोल्हापुरात आहात आणि शिरोलीला फाउंड्री व लेथची कामे करणारे कारखाने आहेत, तेव्हा बिडाची बैठक आणि १६ मिलिमीटरचा लोखंडी दांडा बनवून घेणे तुम्हाला अवघड जाऊ नये. स्कोपच्या तळाला बहुधा ट्रायपॉडचाच पाव इंची, इंचाला २० आटे असलेला बोल्ट बसतो. कारागिराकडे स्कोप नेऊन तोच आटा जुळवून घ्या, जबरदस्तीने मिलिमीटरचा बोल्ट बसवू देऊ नका. दांडा दोन तुकड्यांचा, एकमेकांत फिरवून जोडता येणारा करून घेतला, तर मुलगी पुढे थ्री पोझिशनकडे गेल्यावर नीलिंग आणि स्टँडिंगलाही तोच स्टँड चालेल.

नियमांबद्दल काळजी नसावी. रायफलला न जोडलेली दुर्बीण गोळी पाहण्यासाठी वा वारा वाचण्यासाठी वापरण्यास ५० मीटर रायफलमध्ये मुभा आहे. मोबाइलवर चित्र पाठवणारे टार्गेट कॅमेरेही हल्ली मिळतात, पण फायरिंग पॉइंटवर मोबाइल चालत नाही. स्पर्धेत जे वापरता येणार नाही त्याची सवय सरावात लावू नये, असे मला वाटते.

पालक, कोल्हापूर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. पंचिंग मशीनची युक्ती उद्याच करून पाहते. दोन शंका राहिल्या. सध्या माझ्यासमोर ५० मिलिमीटर, ६५ मिलिमीटर आणि ८० मिलिमीटर असे तीन आकार आहेत. ८० घेतला तर पुढे ३०० मीटरलाही चालेल, असे एका परिचितांनी सांगितले. दुसरे म्हणजे आमच्याकडचा पावसाळा. घरातल्या जुन्या कॅमेऱ्याच्या काचेला बुरशी लागली होती, तसे याचे होऊ नये म्हणून काय करावे?

जुना नेमबाज, पुणे

३०० मीटरचा विचार आत्ता करू नका. त्या अंतरावर मोठी काच आणि ३०-४० पट वर्धन खरोखर लागते, पण त्यासाठी रायफलही वेगळी लागते आणि मुलगी तिथे पोहोचेल तेव्हा गरज नव्याने ठरवता येईल. ८० मिलिमीटरचा स्कोप जड असतो, त्यामुळे आडव्या हातावर तो झुकतो आणि स्टँड अधिक भक्कम करावा लागतो. ५० मीटरसाठी ५० ते ६५ मिलिमीटर पुरेसे आहे. सेलेस्ट्रॉनचा अल्टिमा ६५ हा १८-५५ पटींचा आणि ४५ अंशांच्या आयपीसचा आहे. १८ पटीवर त्याचा झोत साडेतीन मिलिमीटरहून थोडा जाड येतो, म्हणून तुलनेची सुरुवात त्याच्यापासून करा. एसव्हीबोनीचा एसव्ही २८ हा २५-७५×७० या आकारात मिळतो. त्यातील ७५ विसरून तो २५ पटीवर कसा दिसतो एवढेच तपासा. कोवाचा टीएसएन-५०१ हा २०-४०×५० आणि तिरक्या आयपीसचा आहे. काच लहान असली तरी २० पटीवर झोत अडीच मिलिमीटरचा मिळतो आणि आकार आटोपशीर असल्याने प्रोनला सोयीचा पडतो. यांपैकी तुमच्या रकमेत स्टँडसह जो बसेल आणि पंचिंगच्या कागदावर जो सरस ठरेल, तो घ्या. दोन स्कोप सारखेच वाटले तर ज्याची दुरुस्ती आणि हमी भारतातल्या विक्रेत्याकडून मिळते, त्याला पसंती द्या.

दुर्बीणप्रेमी, ठाणे

बुरशीविषयी: नायट्रोजन भरलेला, जलरोधक स्कोप निवडा, म्हणजे आतल्या काचांवर बाष्प धरण्याचा आणि बुरशी चढण्याचा धोका बराच कमी होतो. बाहेरच्या काचांची काळजी मात्र आपणच घ्यायची. रेंजवरून आल्यावर ओलसर कापडी पिशवीत तो तसाच ठेवू नये. कोरड्या, मऊ कापडाने पुसून, काही वेळ पंख्याखाली ठेवून मग घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवावा. निळी सिलिका जेल ओल धरली की गुलाबी होते. ती मंद आचेवर, स्वयंपाकाच्या नसलेल्या भांड्यात, हवा खेळती ठेवून पुन्हा निळी होईपर्यंत तापवली की परत वापरता येते. काच पुसण्यापूर्वी धूळ ब्रशने किंवा हवेच्या फुग्याने उडवावी, कारण रेंजवरच्या धुळीत वाळूचे कण असतात आणि कापडाखाली ते कोटिंगवर ओरखडे काढतात. आषाढ-श्रावणात सराव बंद असला तरी दर आठवड्याला डबा उघडून जेलचा रंग तेवढा पाहत जा.