मदत हवी आहे : कोकची भट्टी काढून विजेवरची इंडक्शन भट्टी घेतली तर प्रदूषण खरंच कमी होतं, की नुसतं दुसरीकडं जातं?

शिरोलीची_पोर

नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत आमची छोटी फाउंड्री आहे, आण्णांनी सुरू केलेली, ग्रे आयर्नची (साध्या ओतीव लोखंडाची) कास्टिंग करतो, आता हळूहळू कारभार माझ्याकडं आलाय. भट्टी कपोला आहे, म्हणजे हार्ड कोकवरची (कोळसा तापवून केलेलं इंधन). ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, उभं नळकांडं असतं, आतनं फायरब्रिकचं अस्तर, वरच्या दारातनं कोक, पिग (कच्चं लोखंड), स्क्रॅप आणि चुनखडी असे थर टाकत जायचं, खालनं ब्लोअरची हवा आणि तळातनं लोखंडाचा रस काढायचा.

अडचण धुराची आहे. दिवाळीनंतर थंडी पडली की सकाळी धूर वर जातच नाही, पसरून मागच्या वस्तीवर बसतो. तिथल्या एका मावशींनी मला मुद्दाम बोलवून नेलं आणि गच्चीच्या कठड्यावरनं बोट फिरवून दाखवलं, करडी कचकचीत पूड, वाळत घातलेल्या उडदाच्या पापडांवर पण तीच. भांडल्या नाहीत त्या, नुसतं म्हणाल्या बघ गं बाई काहीतरी. तेव्हापासून हे डोक्यातनं जात नाहीये.

सगळे म्हणतात इंडक्शन घे, धूरच नाही. पण मी कागदावर हिशोब मांडला आणि तिथंच अडकले. आम्हाला टनामागं १३० किलोच्या आसपास कोक लागतो. त्यात ८५ टक्के कार्बन धरला आणि एक किलो कार्बन जळून साधारण ३.६७ किलो कार्बन डायऑक्साइड होतो हे धरलं तर टनाला सुमारे ४०० किलो झाला. इंडक्शनला टनाला ६०० युनिटच्या आसपास वीज लागते, आपल्या देशातली वीज अजून मुख्यतः कोळशाचीच, एका युनिटमागं ०.७ किलो धरला तरी ४२० किलो! म्हणजे कर्ज काढायचं, एचटी म्हणजे जास्त दाबाचं वीज कनेक्शन घ्यायचं, डिमांड चार्ज भरायचा आणि हवेत जाणारा गॅस तेवढाच? मग आपण फक्त आपला धूर चंद्रपूरच्या कोळशावरच्या वीजकेंद्राला पाठवतोय असं नाही का होत?

आण्णांचं म्हणणं आहे की एवढ्या फाउंड्र्या आहेत जिल्ह्यात, आपल्या एका भट्टीनं काय फरक पडणार. मला ते पटत नाही पण उत्तरही देता येत नाही. हिशोबात काय सुटतंय का सांगा, आणि यातला मधला मार्ग कुणाला माहीत असेल तर तोही सांगा.

पन्हाळ्याचा_वारा

ताई एक शंका, आपल्याला वीज कोयनेची येते ना? राधानगरीला पण आहे. मग कोल्हापुरात कोळशाचा हिशोब कशाला धरायचा?

जुना_कपोलावाला

@पन्हाळ्याचा_वारा, ग्रिड सगळं एकच असतंय भावा, कुठल्या युनिटला कोयनेचं पाणी आणि कुठल्याला कोळसा असं वेगळं करता येत नाही. राधानगरीचं वीजघर १० मेगावॅटचं, कोयना १९६० मेगावॅट आहे खरी, पण ती मागणी वाढली की चालवतात, दिवसभर पूर्ण ताकदीनं चालवायला पाणीच नाही, कृष्णा लवादानं पश्चिमेकडं सोडायचं पाणी वर्षाला ६७.५ टीएमसीवर बांधलंय. एकटं चंद्रपूर २९२० मेगावॅट आहे, आणि कोळशावरचं केंद्र रात्रंदिवस चालतंय. त्यामुळं पोरीचा हिशोब बरोबर आहे.

आता पोरी तुला सांगतो. आयुष्य कपोल्यावर गेलं माझं. वरच्या, माल टाकायच्या (चार्जिंगच्या) दाराशी निळसर ज्योत दिसते का तुझ्या भट्टीला? ती कार्बन मोनॉक्साइड जळत असतो. कोक पूर्ण जळतच नाही, वरच्या थरात पोचेपर्यंत बराचसा गॅस मोनॉक्साइड होतो, आणि ज्योत विझलेली असली म्हणजे तो तसाच बाहेर पडतो, ना रंग ना वास. वर चार्ज टाकणाऱ्या माणसाला डोकं दुखतंय, मळमळतंय म्हणाला की उन्हाचं समजून सोडून देऊ नको, आधी खाली घे त्याला. आमच्या वेळी कुणी सांगायचं नाही हे, पोरं लिंबू चाटून परत वर चढायची. दुसरं म्हणजे गंधक. कोकमधलं काही रसात उतरतं, काही सल्फर डायऑक्साइड होऊन वस्तीवर जातं. तुझ्या हिशोबात फक्त कार्बन डायऑक्साइड आहे, मावशींच्या छातीत जाणारं काहीच धरलेलं नाहीस.

विजेचा_हिशोब

एनर्जी ऑडिटचं काम करतो म्हणून लिहितोय. तुमचं गणित ठीक आहे पण ते भट्टीच्या दारात सुरू होतं, ते मागं न्यायला पाहिजे. कोक खाणीतनं निघत नाही, कोकिंग कोळसा हवा बंद ठेवून तापवून तो बनवतात, एक टन कोकला साधारण सव्वा ते दीड टन कोळसा लागतो, आणि त्या ओव्हनमधनं डांबर, बेंझीन, अमोनिया निघतं ते वेगळंच. हा कोळसा आपल्याकडं कमी, बराचसा ऑस्ट्रेलियातनं जहाजानं येतो. देशातला चांगला कोकिंग कोळसा झरियाचा, आणि तिथं जमिनीखाली १९१६ पासून आग धुमसतीय, अजून पूर्ण विझलेली नाही. पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीच्या जंगलांचा कोळसा आहे तो, परत बनणार नाही. हे सगळं धरलं तर कोकची बाजू ४०० च्या बरीच वर जाते.

दुसरा मुद्दा पुढचा. कपोला आज कोकवर आहे तर वीस वर्षांनी पण कोकवरच असणार. ग्रिड मात्र बदलतंय, २०२५ च्या मध्यात देशातली निम्मी स्थापित क्षमता कोळसा-गॅस सोडून इतर स्रोतांची झाली. प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत अजून कोळसाच पुढं आहे, पण इंडक्शन घेतली की ग्रिड जसं सुधारेल तसा तुमचा आकडा आपोआप खाली येणार.

छतावर सोलर लावून भट्टी चालेल असं कुणी सांगितलं तर मात्र विश्वास ठेवू नका. १०० किलोवॅटला दहा हजार चौरस फूट तरी जागा आणि दिवसाला साधारण ४०० युनिट मिळतात, म्हणजे एक टन रस पण होत नाही. ऑफिस, कॉम्प्रेसर, सँड मिक्सर याला मात्र जरूर लावा.

चांदा_ते_बांदा

मी चंद्रपूरचा आहे म्हणून राहवलं नाही. ताई, तुम्ही आमचा विचार केला यातच बरं वाटलं, नाहीतर बटण दाबताना वीज कुठून येते हे कोण विचारतं. आपल्या कोळशात राखच ३० ते ४५ टक्के असते. तुमच्या टनभर लोखंडाची ६०० युनिट वीज सगळी कोळशाचीच धरली तर इकडे चारशे किलोच्या वर कोळसा जळतो आणि दीडशे किलोच्या आसपास राख उरते. ती पाण्यात कालवून तलावात सोडतात, उन्हाळ्यात तो वाळला की वारा उडवतो. इरई धरणाचं पाणी केंद्राला जातं. उघड्या खाणींनी शेती गेली ती गेलीच. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण मंडळाने देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक भागांची यादी काढली त्यात आम्ही होतो. तेव्हा वीज घ्या, पण ‘धूर नाही’ असं म्हणू नका एवढीच विनंती.

विजेचा_हिशोब

@चांदा_ते_बांदा, पटलं दादा. फक्त एक फरक सांगतो, औष्णिक केंद्राच्या चिमणीला ईएसपी (विजेच्या भारानं राख पकडणारं यंत्र) असतो, उडणारी राख ९९ टक्क्यांच्या वर पकडली जाते. छोट्या कपोल्याला बहुतेक ठिकाणी साधा सायक्लोन (धूर गरगर फिरवून धूळ खाली पाडणारं नळकांडं), तोही नीट साफ न केलेला. राखेच्या तलावाचं तुमचं म्हणणं मात्र पूर्ण खरं आहे आणि त्याचा हिशोब वीज वापरणाऱ्यानंच करायला हवा.

जुना_कपोलावाला

मधला मार्ग विचारलास ना? डिव्हायडेड ब्लास्ट कपोला. हवा एका ओळीतनं न देता दोन ओळींतनं द्यायची, खालच्या भोकांच्या वर ठराविक अंतरावर दुसरी रांग. वर चढणारा मोनॉक्साइड तिथं जळतो, त्याची उष्णता आतच राहते, कोक २५ टक्क्यांपर्यंत वाचतो. हावड्याच्या फाउंड्रीत टेरी या ऊर्जा संशोधन संस्थेनं असा करून दाखवला होता, सोबत धूर धुवायला व्हेंचुरी स्क्रबर. मावशींची पूड त्या स्क्रबरनं थांबेल, नुसत्या कपोल्यानं नाही, त्यामुळं खर्च वाचवायला स्क्रबर गाळू नको. धुतलेलं पाणी गटारीला सोडू नको, निवळून परत वापर, नाहीतर हवेतलं काढून पंचगंगेत घातल्यासारखं होईल.

पण पुढं एसजी आयर्न (जास्त चिवट ओतीव लोखंड) करायचं डोक्यात असेल तर सरळ इंडक्शन घे, कोकचं गंधक त्यात चालत नाही. घेतलीस तर झाकण लावून चालव, गंजका आणि वाळू लागलेला स्क्रॅप टाकू नको, नाहीतर ६०० चे ७०० युनिट कधी होतात कळत नाही.

शिरोलीची_पोर

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, निळी ज्योत आहे, आणि रसाची वेळ जवळ आली की विझलेली पण बघितलीय मी. आज वर काम करणाऱ्या दोघांशी बोलले, एकजण म्हणाला डोकं तर रोजच दुखतंय. म्हणजे मोनॉक्साइडचा अलार्म आणि वर मोकळी हवा खेळेल असं काहीतरी, हे भट्टीच्या निर्णयाची वाट न बघता याच आठवड्यात करते.

चंद्रपूरच्या दादांचं वाचून आण्णांना पण दाखवलं, ते गप्प बसून दोनदा वाचले. आत्ता तरी असं ठरतंय की एसजीची ऑर्डर पक्की झाली तर इंडक्शन, नाहीतर डिव्हायडेड ब्लास्ट आणि स्क्रबर, सायक्लोन उद्यापासून रोज साफ.

आता शेवटचं विचारते. गोकुळ शिरगाव, कागल, इचलकरंजी बाजूला कुणाकडं दोन ओळींचा कपोला किंवा छोटी इंडक्शन चालू आहे का? कोकचं आणि विजेचं रजिस्टर बघायला मिळालं तर फार बरं होईल, आण्णांना घेऊन येते, रस काढायच्या वेळी आलं तर चालेल का तेवढं व्यनि करून सांगा.