मावशीच्या ओव्या नेटवर खुल्या ठेवायच्यात, पण नाव तिचंच राहायला हवं

सिंहगडरोडकर: नमस्कार. माझी मावशी मुळशी तालुक्यात असते. तिच्या जात्यावरच्या ओव्या मी मोबाइलवर रेकॉर्ड केल्या आणि जात्याचा फोटो लावून नेटवर टाकल्या. मूठभर वैरण, म्हणजे दळायचे दाणे, घालायला हात थांबला की तिची ओवीही थांबते, खुंटा फिरला की पुढची ओळ येते. एका चॅनेलनं ते उचललं, जात्याची घरघर काढली, कीबोर्ड घातला आणि खाली लिहिलं ‘संकलन आमचे’. एका ओवीत मावशीनं तिच्या भावाचं गाव घातलंय, ते तसंच ऐकू येतंय! आता उलट माझ्याच ऑडिओवर कॉपीराइटचा दावा आलाय. ओव्या पारंपरिक, मग हक्क कुणाचा? लोकांनी त्या ऐकाव्यात, गाव्यात असंच मला वाटतं, पण हे सहन होत नाही.

कर्वेनगर_४: पारंपरिक ओव्यांवर कुणाचाच कॉपीराइट नसतो. सोडून द्या, ताई.

पेठेतला वाचक: सोडू नका. मी वकील नाही, पण विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या खुल्या फाइलींच्या साठ्यावर, मराठी फाइली चढवतो, त्यामुळे हे सारखं बघावं लागतं. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले शब्द सगळ्यांचे, हे बरोबर. ध्वनिमुद्रण मात्र वेगळी गोष्ट आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात त्याचा हक्क निर्मात्याचा, म्हणजे ज्यानं पुढाकार आणि जबाबदारी घेतली त्याचा. इथं तो तुमचा, प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं. नोंदणी लागत नाही. आणि मावशी गायिका आहेत, त्यांचा कलाकार म्हणून हक्क ५० वर्षांचा. कलम ३८ब बघा, २०१२ च्या दुरुस्तीत आलंय: गाणाऱ्याचं नाव लागलं पाहिजे, आणि प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड झाली तर त्याला दाद मागता येते. त्या चॅनेलनं नावच पुसलंय, माझ्या मते सगळ्यात वाईट तेच.

मूळ फाइल मोबाइलमध्ये जपून ठेवा, तारखेसकट. आलेल्या दाव्याला हरकत घ्या आणि साइटला लेखी तक्रार द्या. २०१३ च्या कॉपीराइट नियमांप्रमाणे तक्रार रीतसर असेल तर ३६ तासांत चॅनेलची ती प्रत बंद करावी लागते. पण २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आला नाही, तर साइट ती पुन्हा सुरू करू शकते, हेही लक्षात असू द्या.

ओव्या खुल्या ठेवायच्या तर क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेनं तयार केलेल्या खुल्या परवान्यांपैकी ‘बाय-एसए’ लावा. नाव द्यायचं, बदल केला तर तसं सांगायचं, आणि बदललेलं कामही त्याच अटींवर खुलं ठेवायचं. एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही, म्हणून आधी मावशींना नीट समजावून विचारा. त्यांचा होकारही रेकॉर्ड करून ठेवा.

औंधची मीनल: ‘व्यापारी वापर नाही’ ही अट का नाही सुचवत? मावशींच्या आवाजावर दुसऱ्यानं पैसे का कमवावेत?

पेठेतला वाचक: मुद्दा रास्त आहे, मीनलताई. पण ती अट घातली की फाइल विकिपीडियावर चालत नाही, आणि विकत मिळणाऱ्या दिवाळी अंकालाही ती वापरायची तर वेगळी परवानगी मागावी लागते. आवाज दूरवर जावा असं वाटत असेल तर मी ती घालणार नाही. शेवटी मावशी म्हणतील तसं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या पुण्यातल्या गटानं एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्यात गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव नोंदलंय. तुम्हीही फाइलच्या नावातच मावशींचं नाव आणि गाव घाला.

सिंहगडरोडकर: हरकत नोंदवली, तक्रारही पाठवली. मावशीला फोनवर विचारलं. ती म्हणाली, “गाऊ देत की गं, पन माज्या भावाचं गाव बदलायचं न्हाई.” ही अट कुठल्या परवान्यात बसते का?

पेठेतला वाचक: ‘बाय-एसए’मध्ये नाही, त्यात बदलाला मुभा आहे. बदलच नको असेल तर ‘एनडी’ परवाना आहे, पण मग ध्वनिमुद्रणात कसलाही बदल करून ते कुणाला पुढे देता येणार नाही, आणि विकिमीडिया कॉमन्सवर तोही चालत नाही. वर्णनात त्यांची विनंती म्हणून स्पष्ट लिहा. कायद्यानं बांधील नसले तरी बरेच लोक पाळतात.