मदत हवी आहे: बेदाणा शेडमधली आर्द्रता कशी वाचायची?

नमस्कार मंडळी. तासगाव भागात आमचं बेदाण्याचं शेड आहे. डिपिंग करून (द्राक्षं द्रावणात बुडवून) माल रॅकवर टाकलाय. शेडमध्ये आर्द्रतेचा डिजिटल मीटर टांगलाय, पण त्याच्या आकड्यांवरून निर्णय कसा घ्यायचा ते कळत नाही.

पहाटे २० अंशाला मीटर ९० टक्के दाखवतो, दुपारी ३५ अंशाला ४० च्या आसपास. हिशेब केला तर दोन्ही वेळी एक घनमीटर हवेत पाणी साधारण तेवढंच, १५-१६ ग्रॅम. कारण २० अंशाची हवा जास्तीत जास्त १७ ग्रॅम वाफ धरते, ३५ अंशाची जवळजवळ ४० ग्रॅम. म्हणजे टक्का उतरला तरी हवेतलं पाणी कमी झालेलं नसतं. इथवर समजलं.

खरी अडचण रात्रीची आहे. कडेच्या रॅकवरचे मणी सकाळी हाताला चिकट लागतात, मधले मात्र कोरडे. कडेचा माल दवबिंदूच्या (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं त्याच्या) खाली थंड होत असेल का? संध्याकाळी पडदे सोडले तर ओल्या मालातून निघणारी वाफ आतच कोंडणार, उघडे ठेवले तर बाहेरची दमट हवा आत येणार. माल काळा पडला की दर निम्म्यावर येतो, म्हणून जीव टांगणीला लागलाय.

आतला आणि बाहेरचा दवबिंदू ताडून पडदे सोडायचे की नुसत्या टक्क्यावर? पंखा रात्री चालू ठेवावा का? आणि थर्मामीटरला ओलं मलमलीचं कापड गुंडाळून मीटर तपासतात, ते कुणी केलंय का? ढग दिसायला लागलेत, जाणकारांनी जरा लवकर सांगा.